मावशीचा हार साहेबाच्या गळ्यात

अन् वरून मलेच म्हणतात, "शिकला हायेस, समजून घे." काय समजून घेऊ, मंडळी?

आज अमरावतीच्या फुलांच्या प्रदर्शनात आमच्या गंगामावशीनं स्वतःच्या मळ्यातल्या शेवंतीचा हार ठेवला होता. हारापाशी ठेवाची तिच्या नावाची इंग्रजीतली चिठ्ठी मीच लिहून देल्ली.

स्वागताचं काम आमच्या गावच्या पाटलाकडे; कापसाच्या भावात गुंग होऊन ते पाहुण्या इंग्रज साहेबासाठी हार आणाचं विसरले. मग त्यायनं मावशीचाच हार उचलून साहेबाच्या गळ्यात घातला.

परीक्षक तोच साहेब. हार घालूनच टेबलापाशी आला, जागा रिकामी पाहिली अन् मावशीचं नाव खोडलं.

मी बोलाले गेलो, तर पाटलानं हात दाबला. "चूप राय बे. साहेबानं घातला, याहून मोठं बक्षीस कोणतं?"

मी मांगं सरलो. मावशी म्हणे, "मंग तुह्या इंग्रजीचा काय उपयोग, बापू?"

सांगा, पाटलाचा हात झिडकारून बोलाले पायजे होतं का मी?