पाच फुटांचा खड्डा

१६ ऑगस्ट १९६४, रविवार, सकाळी आठ. मैल्याची टाकी उपसणाऱ्या गाडीसाठी काढून ठेवलेले अठरा रुपये माझ्या खिशात होते. अमरावतीच्या आमच्या अंगणात मी, माझी पत्नी आणि शेजारचे गृहस्थ असे तिघे उभे होतो.

पावसाची झड लागून सहा दिवस झाले होते. चौथ्या दिवशी संडासात ओतलेलं पाणी उतरेना. मग भांड्यात बुडबुडे येऊ लागले आणि शेवटी मोरीच्या जाळीतून काळं पाणी उलटं वर आलं. नळी तुंबली असेल म्हणून मी अकरा फुटी बांबू घातला. तो कुठंही न अडकता टाकीपर्यंत गेला. म्हणजे नळी मोकळी होती, टाकीच काठोकाठ भरली होती. टाकीतलं पाणी ज्या शोषखड्ड्यात जिरायचं, तोही भरून वाहत होता. तिथून एक ओली पट्टी कुंपणाकडे गेली होती. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची विहीर. त्या सकाळी उठल्याउठल्या मी टेप लावून पाहिला होता: शोषखड्ड्यापासून विहिरीपर्यंत बत्तीस फूट.

शेजारी बांधकाम खात्यात नोकरीला. कुटुंब बौद्ध. तिवशाकडच्या त्यांच्या गावी आईला गावविहिरीवर चढू देत नसत. म्हणून प्लॉट घेतल्यावर त्यांनी घराआधी विहीर खणली होती.

"भाऊ, गाडी कावून बोलावता?" ते म्हणाले. "काळी माती पाणी पिऊन फुगली हाये. टाकी रिकामी केली त भिंती आत येतीन. अन् नाई आल्या, त उद्या सकाळी टाकी पुन्हा भरलेली दिसन."

"मंग करावं काय?" पत्नीनं विचारलं.

"काई नाई, वैनी. पाऊस उघडू द्या. तवर आंघोळ, धुनं, भांडे सारं बाहेर. टाकीत थेंब नका जाऊ देऊ." मग त्यांनी सहज विचारलं, "खड्डा मुरमापर्यंत गेला हाये न? नऊ फूट?"

तीन वर्षांपूर्वी अकोल्याच्या जुन्या शहरातून आणलेल्या मिस्त्रीनं बजावलं होतं, काळ्या मातीत पाणी जिरत नाही, मुरूम लागेपर्यंत खोदा. मी पाच फुटांवर काम थांबवलं. पुढच्या प्रत्येक फुटाला साडेतीन रुपये पडत होते. शेजाऱ्यांनी तेव्हा विचारलं, तर मी नऊ सांगितलं. आता त्यांच्या घरची आठ माणसं त्या विहिरीचं पाणी पीत होती.

"पाच," मी म्हणालो.

"काय पाच?"

"खड्डा पाच फूट हाये. मुरूम लागलाच नाई. तुमच्या विहिरीचं पाणी पेऊ नका."

ते ओल्या पट्टीकडे पाहत राहिले.

"आमच्या मायले कोनी विहिरीवर चढू देल्लं नाई, भाऊ," ते म्हणाले. "तुमी त घरबसल्या आमच्या विहिरीत उतरले."

आमची विहीर चढाच्या बाजूला होती. तिचं पाणी न्या, एवढंच मी म्हणालो.

त्यांच्या आईनं घरातून नकार पाठवला, रोख माझ्या पत्नीवर. "मी नाई येत तिच्या विहिरीवर. तिले म्हना, आनून दे." तेव्हापासून पत्नी सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन घागरी त्यांच्या ओट्यावर ठेवून येऊ लागली. असे दहा दिवस, चाळीस घागरी. सहाव्या दिवशी त्या बाई तिला म्हणाल्या, "बस. चहा घेते का आमच्याइथचा?" तोवर पत्नीनं त्या घरात पाणीही घेतलं नव्हतं. तिनं चहा घेतला. घरी येऊन म्हणाली, साखर जास्त होती.

पाऊस उघडल्यावर चार दिवसांत टाकीतलं पाणी सात इंच उतरलं. मग गाडी बोलावली आणि निम्मीच टाकी उपसली. नवा खड्डा शेजाऱ्यांच्या विहिरीपासून सत्तर फुटांवर घेतला. तो शेजाऱ्यांनी माझ्या शब्दावर सोडला नाही, स्वतः टेप सोडून मोजला: नऊ फूट चार इंच, तळाला मुरूम. त्यांची विहीर दोनदा उपसून तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकली.

मिस्त्रीला एकसष्ट रुपये दिले, गाडीला अठरा, विहीर उपसणाऱ्या दोघांना बारा. पावडर शेजाऱ्यांच्या आईनं स्वतःच्या पैशांनी आणवली होती. पावडरीचे सव्वादोन रुपये त्यांनी कुंपणाशी येऊन माझ्याकडून मोजून घेतले.