कुबातचं अंगण

कुबातनं बिश्केकला घर घेतलं आणि आईला दाखवायला आणलं, तर म्हातारीनं घराकडं ढुंकूनही पाहिलं नाही. आत चार खोल्या, पुढं रस्त्याकडं एक दार, मागं अंगणाकडं एक दार. खिडक्या नव्याकोऱ्या, त्याही कुबातनं स्वतःच्या हातानं बसवलेल्या, कारण त्याचा धंदाच तो. त्याची बायको तुर्सुनाय हौसेनं एकेक खोली उघडून दाखवत होती आणि कालीपाआपा आपली काठी टेकत थेट मागच्या अंगणात. जर्दाळूच्या झाडापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत चालत गेली, परत आली, मग आडवी चालली.

"बोझ-उय बसेल इथं," ती म्हणाली.

"आपा, अगं आज आलीस आणि आजच मयताचा तंबू?" कुबात हसला. "आधी चहा तरी पी."

"चहा काय, पिईन की. पण घर घेताना बघायला नको? सून कुठं उतरवायची आणि म्हातारी कुठून काढायची. सून तर येऊन बसलीय."

तुर्सुनायनं तोंडावर रुमाल धरला. कुबात म्हणाला, "बसेल आपा, दोन बसतील." आणि विषय तिथं संपला, असं त्याला वाटलं.

म्हातारीचं काही चुकलं नव्हतं. माणूस गेलं की त्याच्या अंगणात जाड लोकरीच्या नमद्याचा बोझ-उय उभा राहतो. दफनापर्यंत दोन-तीन दिवस मयत आत, बायका आत बसून गाऊन रडणार, मुलगा बाहेर काठीवर वाकून मोठ्यानं रडत आल्यागेल्याला सामोरा जाणार. शहरात इमारतीत राहणारेसुद्धा खाली मोकळ्या जागेत भाड्याचा बोझ-उय उभारतात, कुणी नाक मुरडत नाही. आणि कालीपाआपा तर आत-बाशी गावात मयताची गाणी गाणारी. गावात कुणी गेलं की हिला बोलावणं यायचं. इतक्या जणांना तिनं त्यांच्या त्यांच्या अंगणातून वाटेला लावलं होतं, मग तिनं स्वतःसाठी अंगण बघितलं तर बिघडलं कुठं?

कुबात धाकटा, आणि रीतीनं आई धाकट्याकडंच. थोरला रशियात गेला तो तिकडचाच झाला. शहरात घर घ्यायचं ठरलं तेव्हा गावचं घर विकलं, मेंढ्या विकल्या, म्हातारीची लाडकी घोडीही विकली आणि उरलेलं बँकेकडून घेतलं. म्हातारीनं घोडीच्या कपाळावर हात फिरवला आणि गाडीत येऊन बसली.

घराची मागची खोली दक्षिणेकडची. खिडकीतून डोंगर दिसायचे, बर्फानं भरलेले. "ही तुझी, आपा," कुबातनं सांगितलं. तिथं तिची पेटी ठेवली, पेटीवर रजयांची चळत रचली. आठवडाही झाला नसेल, ती सगळी चळत पुन्हा उचलावी लागली. कारण घरात भाडेकरू येणार होते. मावलुदा नावाची ओशकडची बाई, तिचा नवरा, तीन मुलं. नवरा-बायको बाजारात बुटांचा गाळा चालवायचे.

कुबातचा बेत असा होता: मोठं घर भाड्यानं द्यायचं, भाड्यात बँकेचा हप्ता भागवायचा आणि आपण अंगणाच्या टोकाला असलेल्या एका सुट्या खोलीत राहायचं. आमच्या त्या नव्या वस्तीत प्लॉट घेतला की आधी अशी एक खोली उभी करतात. तिला सगळे 'वेळेपुरती' म्हणतात. कोळशाची शेगडी, एक खिडकी, वर पत्रा. वेळेपुरती म्हणता म्हणता त्यात पोरं शाळेला लागतात, पण नाव काही बदलत नाही. बेत वाईट नव्हता. वस्तीतले निम्मे लोक तेच करतात आणि वर हुशारीही मिरवतात. मला त्या हुशारीचा राग येतो, पण तो आज. तेव्हा मीही कुबातचं कौतुकच केलं असतं.

"कळ काढ थोडी, आपा," तो म्हणाला. "कर्ज हलकं झालं की तू तुझ्या खोलीत."

"मी कुठं पळतेय?" आपा म्हणाली.

कळ तिनं काढली. वेळेपुरतीत रजयांची चळत छताला टेकली आणि तिच्या शेजारी म्हातारीचं अंथरूण. पडल्या पडल्या ती सुनेची खोडी काढायची. "तुर्सुनाय, तुझा नवरा लोकांच्या घरांना खिडक्या बसवतो आणि आईला धुरात ठेवतो. ह्याला म्हणतात कारागीर." कुबातही हसायचा. लागायचं त्याला, नाही असं नाही. म्हणून तर तो झपाटल्यासारखा कामाला लागला.

कुंपणाच्या भिंतीला लागून त्यानं खोल्यांची एक ओळ काढली. त्यात कॉलेजच्या मुली राहायला आल्या. आपाला ते आवडलं. मुलींना भाकरी भाजून द्यायची, आखूड कपड्यांवरून बोलायची, पुन्हा त्यांच्याच खोलीत जाऊन गप्पा मारत बसायची. अंगण अजून होतं. मग जर्दाळू तोडला. तरीही होतं. शेवटी कुबातनं अंगणाच्या ऐन मधे पाया आखायला दोरी ताणली.

आपा काठीवर हनुवटी ठेवून बघत होती. "कुबात, बोझ-उय कुठं बसवशील रे?"

"आपा, तू शंभर वर्षं जगणार आहेस." तो गुडघ्यावर बसून खुंटी ठोकत होता. "ह्या दोन खोल्या झाल्या की हप्त्याची काळजी मिटली. मावलुदाला घर सोडायला सांगतो. अजून एक हिवाळा वेळेपुरतीत काढू देणार नाही तुला. आणि हल्ली शहरात लोक हॉलसुद्धा घेतात मयताला."

"मी खोली मागितली होती का?"

कुबातला ऐकू आलं होतं. पण सिमेंट कालवून ठेवलं होतं, ते वाळलं असतं. तो कामाला लागला. दोन खोल्या झाल्या, ठोकळ्याच्या, लोखंडी सळ्या घातलेल्या, पक्क्या. घर आणि वेळेपुरती ह्यांच्यामधे उरली एक बोळ, हातगाडी जाईल एवढी, तीही कोपऱ्यावर काटकोनात वळणारी. त्या दिवसानंतर आपानं बोझ-उयचं नाव काढलं नाही.

खोल्या झाल्या, पण लगेच भाडेकरू मिळाले नाहीत. आणखी काही मुली राहायला आल्या तेव्हा थंडी सुरू झाली होती आणि ऐन थंडीत मावलुदाला पोराबाळांसकट बाहेर कसं काढायचं? आपाच म्हणाली, "राहू दे तिला. वसंतात बघू." म्हणजे तो हिवाळाही वेळेपुरतीतच गेला. आपाला खोकला लागला. धुरानं वाढला. डॉक्टरनं औषधं दिली, फुप्फुसं थकलीत म्हणाला. त्या हिवाळ्यात बसल्या बसल्या ती तुर्सुनायला मयताचं गाणं शिकवायची. एकेक ओळ घोकून घ्यायची. तुर्सुनाय रडायला लागली की रागवायची. "आत्ताच रडून घेऊ नकोस. माझ्या वेळी अडखळलीस तर लोक म्हणतील, कालीपानं सुनेला काही शिकवलं नाही."

एकदा कुबातला म्हणाली, "मला गावी घेऊन चल." कुबात म्हणाला, "घाटात बर्फ आहे, आपा." ते खरं होतं. गावी आता कुणाच्या दारात उतरायचं, हेही खरं होतं, पण ते दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तुर्सुनायनं तिला वाटीत दूध-मिठाचा चहा दिला. रजयांना टेकून तिनं घोट घेतला. "मीठ कमी पडलंय, पोरी," म्हणाली. तुर्सुनाय मीठ घ्यायला फळीपाशी गेली, वळली, तेवढ्यात आपा गेली होती. वाटी मांडीवर तशीच, सांडलीही नव्हती.

वस्तीत बातमी पसरायला काय लागतं? दुपारच्या आत माणसं जमली. शेजारची जुमागुल एजे आली. सगळी वस्ती तिला एजे म्हणजे थोरली बहीणच म्हणते. तिचा नवरा ओरोझबेक आला. कुणी भाड्याच्या बोझ-उयला फोन केला, कुणी कबरीचं बघायला गेलं. सगळं रीतसर चाललं होतं. ट्रक दारात येऊन थांबला, पोरांनी तंबूच्या लाकडी जाळ्या उतरवल्या आणि ओरोझबेकनं सवयीनं विचारलं, "कुठं उभारायचा?"

सगळे अंगणाकडं बघत राहिले. अंगण होतं कुठं बघायला? खोल्यांची दारं, दारांसमोर मुलींच्या चपला, वाळत घातलेले टॉवेल.

"माझ्याकडं उभारा," जुमागुल एजे पटकन म्हणाली. "आमचं अंगण रिकामंच आहे. कुबात, वाईट वाटून घेऊ नको बाळा, शेजार तो शेजार."

"नाही," कुबात म्हणाला. "माझी आई माझ्या अंगणातून जाईल."

त्यानं घण आणला. मधल्या खोल्यांमधल्या मुलींनी न सांगताच गाद्या गुंडाळल्या, पुस्तकं उचलली आणि भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. कुबातनं घण घातला. भिंत थरथरलीसुद्धा नाही. पुन्हा घातला. गिलावा उडाला. किती वेळ तो घालत होता, देव जाणे. अंगातला कोट काढून फेकला, हाताची सालं निघाली आणि सळ्या उघड्या पडल्या, पण ठोकळे जागचे हलेनात. भिंत त्यानं स्वतः बांधलेली होती ना. सिमेंटात काटकसर केली नव्हती त्यानं, आईच्या खोलीसाठी बांधत होता तो.

शेवटी ओरोझबेकनं त्याच्या हातातून घण काढून घेतला. "बास, कुबात. ही भिंत उद्यापर्यंत पडायची नाही. आपाला ताटकळत ठेवू नकोस."

कुबात खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. पुरुषांनी मयतावर रडायचं असतं तसं ओरडून नव्हे, लहान पोर रडतं तसं. कुणी त्याला उठवलं नाही.

बोझ-उय जुमागुलच्या अंगणात उभा राहिला. आता आपाला तिथवर न्यायचं होतं. नमद्यात गुंडाळून कुबातनं डोक्याकडून धरलं, ओरोझबेकनं पायाकडून. बोळीतून चार पावलं गेले आणि वळणावर अडकले. मागं घेतलं, पुन्हा वळवून बघितलं. वळत नव्हतं. एकजण म्हणाला, जरा उभं करून... ओरोझबेकनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्याचं बोलणं तिथंच राहिलं.

तेव्हा मावलुदानं मोठ्या घराचं मागचं दार उघडलं. "इकडून आणा," ती म्हणाली. "पुढच्या दारानं रस्त्यावर निघाल."

मागचं दार उघडत होतं ते दक्षिणेच्या खोलीतच. मावलुदानं पलंग बाजूला ओढला होता, आरसा चादरीनं झाकला होता, जमिनीवरची मुलांची खेळणी गोळा केली होती. घर भाड्यानं दिल्यापासून कुबातनं ह्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. दुसऱ्याचा संसार, उगाच कशाला डोकवायचं. आईचं डोकं त्याच्या छातीशी होतं. मनात म्हणत होता, आपा, ही तुझी खोली, बघ, आलीस तू. आणि डोंगर बघायला म्हणून त्यानं खिडकीकडं मान वळवली.

डोंगर नव्हते. खिडकीभर त्यानंच बांधलेल्या खोल्यांची मागची भिंत होती, गिलावा न केलेली.

"चल, कुबात," ओरोझबेक हळूच म्हणाला. कुबात चालायला लागला.

जुमागुलच्या अंगणात बायकांनी आपाला आत घेतलं, उजव्या अंगाला निजवलं, पुढं पडदा धरला. तुर्सुनायनं गाणं सुरू केलं. ओळी येत होत्या, शिकवल्या तशा, एकामागून एक. पांढऱ्या रुमालाची माझी आई. गोड हाताची माझी आई. मग रीतीप्रमाणे पुढची ओळ होती, ऐसपैस अंगणाची माझी आई. तिथं ती थांबली. मग तुर्सुनायनं ती ओळ गाळली आणि पुढची धरली. बाहेर काठीवर वाकलेल्या कुबातला कळलं, कोणती ओळ गाळली ते. लहानपणापासून त्यानं ते गाणं आईच्या तोंडून ऐकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी घाट उघडला आणि गावचे लोक आले. सगळ्यांत पुढं आपाचा भाऊ, कुबातचा मामा, ऐंशीच्या घरातला. गाडीतून उतरला तोच मोठ्यानं रडत, "कुठं गेलीस गं बहिणी," म्हणत, सांगितलेल्या नंबरच्या फाटकाकडं निघाला. तिथं कॉलेजच्या मुली खाली मान घालून उभ्या होत्या. रडण्याला आतून कुणाची साद नाही, बोझ-उय नाही. मामा गोंधळून थांबला. कुणीतरी त्याचा दंड धरून त्याला शेजारच्या फाटकात वळवलं.

कुबातनं त्याला मिठी मारली. दोघं पोटभर रडले. मग मामानं कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, जुमागुलच्या अंगणाकडं पाहिलं, ओळख नसलेल्या घराकडं पाहिलं, भिंतीपलीकडं दिसणाऱ्या पत्र्यांच्या ओळीकडं पाहिलं. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, म्हातारा साधं विचारत होता.

"तू घर घेतलंस म्हणून सांगत होती ती. मोठं अंगण आहे म्हणत होती. घेतलं नाहीस का रे अजून?"

"घेतलंय, मामा," कुबात म्हणाला, आणि काठीवर पुन्हा वाकला, कारण फाटकातून पुढची माणसं रडत आत येत होती.