चित्रातला गडी आणि चिपाडाची गंजी

बेचाळीसनंतरची ती वर्षं मला अजून झोपेत पाहिल्यासारखी आठवतात. कुंडलच्या बाजूच्या आमच्या गावात तंबूतला सिनेमा आला होता. चित्र इंग्रजी होतं. छातीवर चांदणी लावलेला फौजदार घोड्यावरून दरोडेखोरांचा पाठलाग करतो, एवढीच गोष्ट. बोलणं कुणाला कळेना, म्हणून तंबूच्या मालकानं माझ्या हातात पत्र्याचा कर्णा दिला. मॅट्रिकपर्यंत शिकलेला मीच काय तो.

वारा आला की पडदा फुगायचा आणि घोडी श्वास घेतल्यासारखी हलायची. वाटायचं, आता ती पडद्यावरून उतरून आमच्या उसात शिरतील.

मी 'फौजदार' म्हणालो आणि तंबूत कालवा झाला. खरे फौजदार तेव्हा भूमिगत पोरांच्या मागावर होते.

"पाड की त्याला घोड्यावरनं!"

"आरं कर्णेवाल्या, तू कुणाकडचा रं?"

मग मी गोष्टच फिरवली. दरोडेखोरांचे भूमिगत केले. टाळ्या पडू लागल्या आणि मला माझाच आवाज गोड लागला. चित्रातला एक जण गवतात लपला. मी ओरडलो, "गडी शिरला बघा गुऱ्हाळामागच्या चिपाडाच्या गंजीत!"

तंबू हसला. पुढं बसलेला हवालदार हसला नाही.

पिळलेल्या उसाच्या चिपाडाच्या त्या गंजीत आमच्या गावचा एक भूमिगत खरोखरच लपला होता. गुऱ्हाळातला गुळव्या, म्हणजे रस आटवून गूळ करणारा, त्याला भाकरी देताना मी पाहिला होता. डोळ्यांपुढचं आणि मनातलं तोंडात कधी एक झालं, मला कळलंही नाही.

पहाटे पोलिसांनी त्या भूमिगताला तिथूनच उचलला. कुणीतरी मला विचारलं, "तू चिपाड म्हनला हुतास न्हवं?"

मी म्हणालो, "चित्रातच तसं हाय. इंग्रजीत."

इंग्रजी मला एकट्यालाच येत होतं. लोकांनी विश्वास ठेवला आणि गंजीतलं ठाऊक असणारा गुळव्याच, म्हणून संशय त्याच्यावर गेला. पुढच्या हंगामात त्याला कुणी गुऱ्हाळावर बोलावलं नाही. तुरुंगातून सुटून आलेला भूमिगतही त्याच्याकडं बघेना. बायकोपोरांना घेऊन तो सांगलीला गेला.

तर गावानं हे ऐकावं. चित्रात चिपाड नव्हतं. गुळव्यानं कुणाला काही सांगितलं नाही. फोडलं ते मी.

बऱ्याच वर्षांनी तो सांगलीत गुळाच्या पेठेत भेटला. हमाली करत होता. पोतं खाली ठेवून त्यानं मला निरखलं.

"कर्णेवालाच न्हवं तू? एक इचारू? तुला तरी पटतं का रं, मी सांगितलं आसंल?"

"न्हाई."

"बास गड्या. गावातला एक तरी म्हनला."

त्याचा चेहरा इतका उजळला की पुढचं माझ्या तोंडून निघेना. त्यानं मला चहा पाजला आणि मी तो प्यालो.