तळ्याकाठची बाई

काश्मीरहून परतल्यावर काही आठवड्यांनी बसवनगुडीच्या आमच्या घरी सहलीच्या स्लाईड दाखवायचं ठरलं. माझ्या नवऱ्याने, ह्यांनी, कारखान्यातल्या एका मित्राकडून प्रोजेक्टर मागून आणला. सासूबाईंनी मामंजींचं धुतलेलं धोतर हॉलच्या भिंतीवर ताणून लावायला दिलं. शेजारच्या बायका मोगरा माळून चटईवर येऊन बसल्या. दुपारीच मी ह्यांना म्हटलं होतं, "ती एक काढून ठेवा हं."

"काढली," हे म्हणाले.

ती एक म्हणजे मी पँट घातलेली.

ह्यांना डोंगरांचं वेड. पाठीवर सॅक आणि तंबू घेऊन सोनमर्गच्या वरच्या तळ्यांपर्यंत पायी जायचं, तेही नव्या बायकोला घेऊन, हे घरात कुणालाच पटलेलं नव्हतं. सासूबाईंनी होकार दिला तो एका अटीवर, साडी सोडायची नाही. हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. बदलीच्या नोकरीतल्या माणसाची कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी सून करून आणली, यावरून गल्लीत पुष्कळ बोललं गेलं होतं. सासूबाईंचं त्यावर ठरलेलं उत्तर असे, "इंग्रजी शिकली म्हणून काय झालं? आमची सून साडीशिवाय उंबरा ओलांडायची नाही."

पायी निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ओढा ओलांडताना साडी कमरेपर्यंत भिजली. रात्री तंबूच्या दोरीवर टाकली, ती सकाळी गोठून पापडासारखी कडक. शेवटी ह्यांची लोकरीची पँट मी घातली, खाली दुमडली. थोडा वेळ जमिनीकडे बघत चालले. मग विसरले. खिंड चढताना मी ह्यांच्या पुढे होते. ते लक्षात आल्यावरही थांबावंसं वाटलं नाही. माथ्यावर पोचलो तर खाली तळं, काठाला बर्फ, मधे हिरवंनिळं पाणी. पलीकडे आणखी एक, लहान. तिथे आम्ही दोघं इंग्रजीत बोलत होतो. घरात सगळ्यांदेखत 'अहो' म्हणताना जे ओठांवर येत नाही, ते तिथे सहज बोलता येत होतं. पाठीवरच्या सॅकसकट, डोक्याला टोपी, मी पाण्याकडे तोंड करून उभी राहिले आणि ह्यांनी मागून फोटो घेतला.

काढली म्हणाले होते, तरी तोच आता धोतरावर आला.

"अय्यो, ही कोण?" कोपऱ्यावरच्या घरातल्या अक्का म्हणाल्या.

प्रोजेक्टरमागे ह्यांचा चेहरा दिसत नव्हता. "ती... एक परदेशी बाई. वाटेत भेटली होती."

"आणि तू तिचा फोटो काढलास? तोही मागून?"

सगळ्या हसल्या.

"बायको कुठे होती रे तेव्हा?"

"तंबूत. पाय दुखत होते तिचे."

"बरोबर! बायकोला तंबूत बसवली आणि हा मडमांच्या मागे!" अक्कांना हसू आवरेना. "पण काय गं बाई ती पँट! वाकली तर काय होईल?"

"त्यांच्यात चालतं," सासूबाई म्हणाल्या. "आईनेच वळण लावलं नाही तर पोर काय करणार."

माझ्या आईने मला लग्नाआधी महिनाभर रोज साडी नेसून घरात वावरायला लावलं होतं. माझे कान तापले. अंधार होता म्हणून बरं.

"पुढची लावतो," हे म्हणाले.

"स्वल्प थांब." हे मामंजी बोलले. ते चारचौघांत सहसा बोलत नाहीत. खुर्चीतून उठून ते धोतराजवळ गेले, तशी तळ्याची एक कड त्यांच्या खांद्यावर पडली. "एवढं ओझं घेऊन ही बाई इतक्या वर चढली? बघा उभी कशी आहे. दमलेली वाटत नाही." मग ते माझ्याकडे वळले. "तू बोललीस का गं तिच्याशी? तुला इंग्रजी येतं. कुठली होती?"

ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. हेही स्लाईड बदलायचे थांबले. मी काय म्हणते याची वाट बघत असावेत, आणि मी काहीही म्हटलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती असं मला वाटतं. अक्का माझ्याकडे बघत होत्या. सासूबाई समोर बघत होत्या.

"नाही, मामंजी," मी म्हटलं. "ती थांबली नाही."

"सरी, बरं," म्हणून ते परत खुर्चीत बसले.

पुढच्या स्लाईडवर मी श्रीनगरच्या बागेत, गुलाबांशेजारी, दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन उभी होते.

"ही आमची," सासूबाई म्हणाल्या.

"छान दिसतेय हो," अक्का म्हणाल्या. आणि कुणी कौतुक केलं की हसतात, तशी मी हसले.