शंभर आत, चार बाहेर

नवा जिल्हा झालाच पाहिजे, अशी पत्रकं मी उदगीरच्या बाजारात वाटायचो. साहेबांना आमच्या विहिरी दिसत नाहीत, हे त्यातलं माझं ठरलेलं वाक्य. एक वर्ष दुष्काळ पडला, तेव्हा मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. प्रकल्प म्हणून आमच्या वस्तीच्या विहिरीत पाणीपातळी मोजणारं यंत्र सोडलं. बादल्यांच्या हिसक्यानं आकडे उड्या मारायचे, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ते गुळगुळीत करणारा फिल्टर लिहिला. आलेख सपाट, देखणा आला. तोच मी वस्तीच्या टँकरच्या अर्जाला जोडला. ऐटीत.

मग कॉलेजात प्रकल्प तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं, "फिल्टर काय काय कापतो, तपासलंस का?"

नव्हतं तपासलं. ठाऊक उंचीच्या बनावट लाटा त्यात सोडून पाहिल्या. आठवड्यात एकदा वरखाली होणारी लाट शंभर सेंटिमीटरची घातली, नव्वदच्या आसपास बाहेर आली. दिवसात एकदा वरखाली होणारी घातली. शंभर आत, चार बाहेर.

आमची विहीर रोजच वरखाली होते. रात्री झिरपते, दुपारी आटते. माझ्या आलेखात मात्र चोवीसही तास मध्यम पाणी! टँकर नाकारायला कागद मीच दिला होता.

वस्तीवर राहणाऱ्या आत्याला फोन केला. ती म्हणाली, "दुपारी बाराला बादली तळाच्या दगडावर आपटती, हे रोज सांगून राहिले न्हवं? मशीनीला इचारलंस, मला न्हाई. आता टँकर न्हाई आला तर लेकरांना काय पाजू, तुझा कागद?"

दुसऱ्या दिवशी तहसिलीत फिल्टर न लावलेले कच्चे आकडे घेऊन उभा राहिलो. टेबलामागचे साहेब हसले. "परवा पाणी होतं, आज न्हाई. पुढारी, खरं कोणतं?"

"आजचं. परवाचं माझं चुकलं."

"हाव? मग लिहून द्या."

दुसऱ्यांच्या चुकांवर पानं भरणारा मी. ती एक ओळ दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिली.

"उद्या बाराला येतो," साहेब म्हणाले. "बादली मीच सोडणार."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदाच मला विहिरीतल्या पाण्याची भीती वाटली. जरा जास्त झिरपलं असेल तर? बाया भराभर शेंदत होत्या. मी प्रत्येक घागर मोजत होतो. साहेब आले, दोर सोडला. दोर सरत गेला, सरतच गेला. मी श्वास धरून खाली कान लावला.

खण्ण!

आत्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. साहेबांना म्हणाली, "घ्या लिहून."