सायमावशीची बादली

शाळेच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीला खेटून स्वयंपाकघर होतं, आणि तिथे मावशीचं राज्य होतं. वय पंचावन्नच्या पुढे, कंबर कुरकुरणारी, आवाज मात्र खणखणीत. दोनशे दहा मुलांना मधल्या सुट्टीत पेलाभर दूध आणि एक फळ द्यायचं, हे तिचं काम. त्यातली निम्मी मुलं सकाळी उपाशीपोटी येतात, हे तिला त्यांच्या डोळ्यांवरून कळायचं. त्यासाठी कुणाच्या घरी चौकशीला जावं लागत नसे.

आता दूध तर सगळेच तापवतात, पण मावशीची रीत न्यारी. तीन पसरट पातेल्यांत दूध ओतायचं, तीन वेळा उकळी आणायची आणि मग हात न लावता निवू द्यायचं. वर अशी जाड साय धरायची की माशी बसली तर तिला चालत पैलतीर गाठता यावा. मग मावशी सुरी घेऊन त्या सायीचे नखाएवढे चौकोन पाडायची आणि प्रत्येक पेल्यात एक एक सोडायची. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. ह्यामागे कारण होतं. तिच्या माहेरी चार म्हशी होत्या, पण साय जायची दोघा भावांच्या ताटात. हिच्या वाट्याला पातेल्याच्या बुडाची खरवड. तेव्हाच तिने मनाशी ठरवलं होतं की, आपल्या हाती पातेलं आलं की मुलगा-मुलगी न बघता सगळ्यांना साय वाढायची.

आणि तरीसुद्धा रोज उरलेल्या दुधाची हिरवी बादली भरून परत यायची.

एके सोमवारी मोठ्या बाई स्वयंपाकघरात आल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. एरवी त्या चहाची वेळ सोडून तिकडे फिरकत नसत.

"मावशी, बसा जरा."

"उभीच बरी आहे. बसले की उठताना दोन माणसं लागतात. बोला."

"पुढच्या सोमवारी तपासनीस येणार आहेत. उरलेलं दूध मोजणार. दहातला एक भाग जरी परत आला, तर दूध बंद आणि मुलांना बिस्किटांचे पुडे."

"आणि मी?"

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. पुडे वाटायला मावशी कशाला लागते?

मावशीने पहिला राग काढला तो डेअरीच्या गाडीवाल्यावर. "तुझ्या दुधातच दम नाही. मुलं उगाच टाकतात होय?"

गाडीवाल्याने कॅन खाली ठेवला, झाकण उघडलं आणि झाकणभर दूध स्वतः प्यायला. मिश्या पुसत म्हणाला, "मावशी, माझ्या दुधाला नावं ठेवायच्या आधी तुमच्या पातेल्यात डोकावून बघा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी गेल्यावर नवऱ्यापुढे तिने सगळं ओकलं. नवरा निवृत्त पहारेकरी; उभ्या जन्मात त्याने कुणाला पकडलं नव्हतं, पण सल्ला द्यायला कायम तयार.

"अगं, मग मुलांनाच विचार की."

"मुलांना काय कळतंय?"

"प्यायचं त्यांनी आणि कळायचं तुला, होय?"

मावशी फणकाऱ्याने आत गेली, पण शब्द रुतला तो रुतलाच.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती टाकीमागे जाऊन उभी राहिली. त्या बाजूच्या भिंतीचा चुना सुटून पांढरे पोपडे धरलेत, अशी तक्रार तिने मोठ्या बाईंकडे दोनदा केली होती. रंगारीही बोलावून झाला होता. आणि आता काय बघते, तर दुसरीतली एक दातपडकी मुलगी पेला घेऊन आली, दोन बोटांनी साय उचलली आणि सफाईने भिंतीवर चिकटवली. पोपडा तयार.

"काय गं हे?" मावशी म्हणाली.

मुलगी दचकली, पण पळाली नाही. "मावशी, मला दूध आवडतं. ते वरचं कातडं नाही आवडत. काढलं तरी तुकडे राहतात, घशात लोंबतात. मग उलटी येते, मग सगळंच ओतते."

"कातडं?"

"सगळेच ओततात. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी सांगत नाही. आम्ही तुम्हाला सायमावशी म्हणतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मावशी तिथल्याच दगडावर बसली. जे आपल्याला मिळालं नाही ते सगळ्यांना मिळावं म्हणून जीव टाकला, आणि पोरांनी त्याचा गिलावा केला. डोळ्यांत पाणी आलं खरं. पण ते बाहेर पडायच्या आतच भिंतीवरच्या ओळीच्या ओळी बघून तिला हसू फुटलं. पहिलीची मुलं खाली, चौथीची वर. उंचीप्रमाणे.

"ऊठ गं," ती मुलीला म्हणाली, "म्हणजे, मला उठव."

त्या संध्याकाळी मावशीने भिंत स्वतः घासून काढली. बुधवारपासून रीत बदलली. दूध एकदाच उकळायचं, डावाने ढवळत ढवळत कोमट करायचं, म्हणजे साय धरतच नाही. जी धरेल ती मलमलच्या फडक्याने गाळून घ्यायची. फडक्यातली साय तिने विरजण लावून ठेवली. शनिवारी घुसळून लोणी काढलं, पावाच्या चतकोरांवर बोटभर फासलं, वर काकडीची चकती. तीच साय, तीच मुलं, आणि रांग अशी लागली की शेवटचा मुलगा फाटकाबाहेर. बुधवारी बादली अर्धी आली, गुरुवारी पाव, शनिवारी तळ झाकण्यापुरती.

सोमवारी तपासनीस साहेब आले. चेहरा असा, की हसण्यालाही अर्ज करावा लागत असेल. दोनशे दहा पेले भरले गेले. दातपडकीने पेला रिकामा करून डोक्यावर पालथा धरला, केसावर थेंबसुद्धा पडला नाही. तिचं बघून सगळी रांग तेच करू लागली. साहेबांनी बादलीत वाकून पाहिलं. कोरडी. त्यांनी टाकीमागे जाऊन भिंतही तपासली. जुना खेळाडू असावा.

"ओतलं कुठे?" त्यांनी विचारलं.

"पोटात," मावशी म्हणाली.

मग साहेबांनाही टेबलावर दूध आणि लोणी लावलेला पाव दिला. पाव संपवून ते कागद भरत बसले. जायला उठले तेव्हा पेला जागच्या जागी, तुडुंब, आणि वर जाडजूड सायीचा चौकोन. पाहुणा म्हणून मावशीने खास वेगळ्या पातेल्यात तीन उकळ्या आणून बनवला होता. खोड ती, जाता जाता जाते.

दातपडकीने पेला पाहिला. "मावशी, यांना पण कातडं आवडत नाही."

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. साहेबांचा कान लाल झाला. मग त्यांच्या मिशीच्या टोकाला काहीतरी हललं. "लहानपणी आई जबरदस्तीने पाजायची," ते म्हणाले. "मी कुंडीत ओतायचो."

"नियम म्हणजे नियम, साहेब," मावशी म्हणाली, आणि तो पेला हिरव्या बादलीत ओतला. "लिहा."

साहेबांनी लिहिलं. उरलेलं दूध: एक पेला. कुणी टाकलं, ह्या रकान्यात त्यांनी मुकाट्याने स्वतःची सही केली. खाली शेरा: दूध चालू ठेवावे, लोणीही.

त्या कागदाची नक्कल आजही स्वयंपाकघराच्या दारावर डकवलेली आहे. आणि मावशी? साय गाळून झाली की ती आता फडक्यातली थोडी बाजूला ठेवते, मुलं वर्गात गेली की साखर भुरभुरवते आणि पायरीवर बसून सावकाश खाते. भावांच्या वाट्याची, दोघांचीही.