इतिकाफ मोडला

मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्याची टोकं लोखंडी असतात. ते टोक कपाळात बसलं की आधी पांढरं दिसतं, रक्त मागाहून येतं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आमच्या शेजारच्या विणकरानं रमजानात, भर दुपारी, आपल्या बायकोला धोटा फेकून मारला.

तेव्हा आम्ही वडगावात राहत होतो. राज्य इंग्रजांचं होतं. आमचे मालक पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरायचे. घरात आमची बोली दखनी, पण गल्ली सगळी मराठी, त्यामुळं भांडायला लागले की मला मराठीच सुचायचं. विणकराचं घर आमच्या भिंतीला लागून. त्याच्या बायकोला मी आक्का म्हणायची. माझ्या बाळंतपणात माझी लुगडी धुतली ती तिनंच, सख्ख्या बहिणीनं नाक मुरडलं असतं. आणि त्या मेल्याला मागावर सूत तुटलं तरी तिच्यावर हात उचलायला तेवढं निमित्त पुरायचं.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मोहल्ल्यातल्या एकानं तरी मशिदीत इतिकाफला बसावं लागतं. कोपऱ्यात चादरीचा पडदा बांधायचा आणि आत नमाज, कुराण, तस्बीची जपमाळ एवढंच. शरीरधर्माखेरीज उंबरा ओलांडला की इतिकाफ मोडला. एकही माणूस बसला नाही तर पाप सगळ्या मोहल्ल्यावर. त्या साली म्हातारे आजारी पडलेले आणि तरण्यांना सवड नाही, तेव्हा मालक म्हणाले, मी बसतो. लोक हसायलाच लागले. आमचे मालक म्हणजे निखारा हो! वाट अडवली म्हणून एकाच्या गाडीचे बैल सोडून हाकलून देणारा माणूस. "तू गप बसणार व्हय रं?" म्हणून चिडवलं त्यांना. पण बसले, आणि नेटानं बसले. मला केवढा अभिमान वाटला, कशाला खोटं बोलू?

ईद तोंडावर आली होती. त्या दुपारी आक्कानं साडीच्या काठाला भलत्याच रंगाच्या सुताची कांडी भरून दिली. चार बोटं विणून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. मी परड्यात कापसाला ऊन देत होते. किंकाळी ऐकली तशी धावत त्यांच्या दारात गेले, तेवढ्यात त्यानं धोटा फेकला.

हातमागाला जमिनीत खड्डा असतो, विणणारा त्यात पाय सोडून बसतो. त्यानं आक्काला केसांना धरून त्या खड्ड्यात लोटलं आणि वरून दांडक्यानं हाणायला लागला. खड्ड्यातून पळायला वाट कुठली! ती हात वर करायची, की दांडकं हातावर. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. त्यानं कोपर मारलं, माझा पुढचा दात तुटला. तो थुंकून मी पुन्हा धरलं त्याला, तर लाथ घालून मला दाराबाहेर फेकलं. गल्लीतले तरणे बाप्ये खडेबाजारात गेलेले. बायका-म्हातारे दारं लावून बसलेले. मशीद आमच्या परड्यामागंच. मी तिकडं पळाले.

बाईमाणसानं आत जायचं नसतं. मी गेले. तोंडातनं रक्त गळत होतं, तशीच गेले आणि पडदा ओढला. मालक तस्बी धरून बसलेले, तोंड चुन्यासारखं पांढरं.

"उठा! आक्काला मारतोय त्यो!"

"इतिकाफ मोडंल गं."

"मोडू दे की! जीव चाललाय तिचा!"

मग मात्र उठले. अनवाणी पळाले आणि थेट खड्ड्यात उडी टाकून आक्कावर पालथे पडले. दांडक्याचे घाव त्यांच्या पाठीवर बसत होते. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला दारात ऐकू आला. तशातच त्यांनी एका हातानं त्याचा पाय धरून त्याला खाली ओढलं आणि तोंडावर बुक्क्या घालायला सुरुवात केली. रोज्याचा माणूस, सकाळपास्नं पाण्याचा थेंब नाही, आणि मूठ रक्तानं भरलेली. मी थांबवलं नाही. मला वाटत होतं मारावं, अजून मारावं, त्याचा एक दात तोंडात राहू नये.

पोलीस आले आणि त्याला बांधून नेलं. पुढं तो हिंडलग्याच्या तुरुंगात गेला. आक्काला मी आमच्याकडं आणून पिंजलेल्या कापसावर निजवलं. कापूस लाल होत गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या मांडीवर तिनं डोळे मिटले. माझी आक्का गेली. आक्काचे लोक लिंगायत, त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात; तिला पुरलं.

त्याच संध्याकाळी मोहल्ल्यातले चार वडीलधारे आमच्या दारात येऊन बसले, संगं मौलवीसाब. आक्काचं नाव कुणी काढलं नाही.

"तुझ्यापायी समद्या मोहल्ल्याला पाप लागलं," एक म्हातारा ओरडला. "तोबा कर!" त्यानं मालकांच्या मोडक्या खांद्यालाच ढोसलं. ते कळवळले.

मी झाडू घेऊन उभी राहिले. "मुडद्यांनो, दारं लावून बसलतासा तवा पाप कुठं गेलतं?"

मौलवीसाबांनी मला हातानं गप केलं. म्हणाले, "जीव वाचवायला उठला. तीबी अल्लाची इबादतच हाय. मोडलेला इतिकाफ नंतर भरून दे बाबा. पाप काय न्हाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, सुटलो.

"न्हाय मौलवीसाब," मालक खाली बघून म्हणाले. "पाप झालंय."

मान वर न करता ते बोलत राहिले.

"पयली किंकाळी आली तवाच मी ऐकलती. आक्काचा आवाज वळखला. इतिकाफ मोडंल म्हणून बसून ऱ्हायलो. ती वरडत हुती आन् मी तस्बी फिरवत हुतो. हिनं येऊन पडदा ओढंपतूर फिरवत हुतो."

ढोसणारा म्हातारा सगळ्यांत आधी उठून गेला.

ईदच्या सकाळी मोहल्ला नवी कापडं घालून नमाजला गेला. मालक आक्काला पुरलं तिथं जाऊन बसले. दुपार झाली, ऊन डोक्यावर आलं. त्यांना घरी बोलवायला मी गेले नाही.